डॉन रिच, ल्यूथर पर्किन्स, रॉय निकल्स आणि गायकाच्या शेजारी उभी राहणारी गिटार

तुमचा प्रश्न असा आहे की जुन्या कंट्री म्युझिकच्या भरात, म्हणजे साधारण १९५० ते १९७० च्या दशकात, गायकांबरोबर गावोगाव फिरणारे आवडते लीड गिटारिस्ट, म्हणजे गाण्यातले मुख्य सुरांचे तुकडे वाजवणारे, कोण.

डॉन रिच. विचारच करावा लागत नाही. बाकीची नावं पण सांगतो पण पहिलं हेच.

आधी एक गोष्ट सांगतो, नाहीतर हीच नावं का घेतोय ते कळणार नाही. त्या काळात नॅशव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या मुख्य गावात, रेकॉर्डवर वाजवणारे वेगळे आणि टूरवर जाणारे वेगळे असायचे. स्टुडिओत ग्रेडी मार्टिन, हँक गारलंड अशी ठरलेली मंडळी, तीन तासांच्या एका सेशनमध्ये तीन-चार गाणी करून मोकळी व्हायची. गायकाचा स्वतःचा बँड मात्र बसमध्ये, आणि पुढच्या गावात स्टेजवर उभं राहून त्यांनी दुसऱ्याच कोणीतरी वाजवलेलं वाजवायचं, कारण लोकांना रेडिओवर ऐकलेलंच हवं असतं ना. त्यामुळे कितीतरी चांगल्या टूरवाल्यांचा हात रेकॉर्डवर सापडतच नाही. माझे आवडते बघितले तर लक्षात येतं की ही सगळी अशी माणसं आहेत ज्यांना त्यांच्या गायकाने स्टुडिओतही बरोबर नेलं, म्हणून रोजची सवय, एकमेकांच्या श्वासाचा अंदाज, हे सगळं रेकॉर्डमध्ये उतरलंय.

मी पुण्यात वाढलो, आमचे मोठे काका दर गुरुवारी भजनाला पेटीवर बसायचे, आणि कॅलिफोर्नियात नोकरीला आल्यावर एका सहकाऱ्याच्या गाडीत पहिल्यांदा बक ओवेन्स, म्हणजे डॉन रिच ज्याच्याबरोबर वाजवायचा तो गायक, ऐकला तेव्हा मला सगळ्यात आधी काकाच आठवले. गाणाऱ्याने ओळ सोडली की तेवढ्याच जागेत दोन सूर टाकायचे आणि त्याने तोंड उघडायच्या आत बाजूला व्हायचं. साथ करणं म्हणतो ना आपण, तेच. त्या दिवसापासून मी कंट्री ऐकताना गायकापेक्षा त्याच्या शेजारच्याकडे जास्त लक्ष देतो.

तर डॉन रिच. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाचा मुलगा, जन्म १९४१, खरं आडनाव उलरिच, आणि मुळात फिडल वाजवणारा! बक तेव्हा त्या भागात राहत होता, त्याने या पोराला ऐकलं आणि १९६० च्या शेवटी डॉन कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला येऊन दाखल झाला. सुरुवातीला दोघंच गाडीतून फिरायचे, ज्या गावात जातील तिथला बँड घ्यायचा आणि प्रोग्रॅम करायचा. बक स्वतः पक्का लीड गिटारिस्ट होता, बेकर्सफील्डच्या ब्लॅकबोर्ड नावाच्या बारमध्ये वर्षानुवर्षं वाजवलेलं, कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवलेलं. त्याने आपली सगळी पद्धत डॉनला शिकवली आणि हळूहळू लीड त्याच्याकडे सोपवून आपण गाण्याकडे लक्ष दिलं. म्हणजे बघा, ज्याला स्वतःला येतं त्याने ते दुसऱ्याच्या हातात देणं सोपं नसतं, आणि ज्याने घेतलं त्याने ते इतकं पुढे नेलं की आज बेकर्सफील्ड साउंड, म्हणजे त्या गावच्या कंट्रीचा खास आवाज, म्हटलं की डॉनचीच टेलिकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) कानात वाजते.

तो आवाज कसा, तर कडक, पातळ, चमकदार. तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग, आणि ट्रेबल भरपूर. याला कारण आहे. एक तर दारूच्या अड्ड्यांवरच्या गोंगाटातून गिटार ऐकू जायला हवी, तिथे लोक नाचायला आलेले असायचे, आणि दुसरं म्हणजे गाणं ऐकलं जाणार गाडीतल्या एएम रेडिओच्या छोट्याशा स्पीकरवर, तिथे जाडसर आवाज नुसता गढूळ होतो. बक रेकॉर्डिंग करताना हा हिशोब डोक्यात ठेवायचा. आणि गिटारसुद्धा काय दिसायच्या, फेंडरने त्यांच्यासाठी बनवलेल्या चमचम करणाऱ्या स्पार्कल फिनिशच्या टेलिकास्टर.

पण डॉन माझा पहिला असण्याचं कारण नुसती गिटार नाही. तो वाजवता वाजवता बकच्या वरच्या पट्टीत हार्मनी गायचा, आणि ती इतकी चिकटलेली असायची की सख्खे भाऊ गातायत असं वाटतं. गळ्यात एक काम, हातात दुसरं काम, आणि दोन्हीकडे लक्ष बककडे. मी स्वतः गिटार वाजवतो, शनिवारी चार मित्र जमतो, त्यामुळे हे किती अवघड आहे ते मला बोटांत कळतं. २५ मार्च १९६६ ला ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजले, डॉन, बासवर डॉयल हॉली, स्टील गिटारवर (आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवतात ती) टॉम ब्रमली आणि ड्रमवर विली कांटू, त्याची रेकॉर्ड आहे. १९६७ ला टोकियोला पण गेले, त्याची पण आहे.

१७ जुलै १९७४ ला डॉन मोटरसायकलवरून मोरो बेच्या बाजूला चालला होता, घरच्यांकडे सुट्टीसाठी, आणि रस्त्यातच अपघात होऊन गेला. ३२ वर्षांचा होता फक्त. मोटरसायकल नको चालवूस म्हणून बक त्याच्या मागे लागायचा. पुढे कित्येक वर्षांनी बकने उघड सांगितलं की आपलं संगीतातलं आयुष्य डॉनबरोबरच संपलं. मी ही माहिती वाचली तेव्हा १९७४ च्या आधीची आणि नंतरची गाणी एकामागे एक लावून ऐकली. फरक पडलाय, मला तरी स्पष्ट ऐकू येतो.

दुसरा ल्यूथर पर्किन्स, गायक जॉनी कॅशवाला. याला लोक नावं ठेवतात की याला काही येत नव्हतं, आणि मला त्याचा राग येतो. ल्यूथर मेम्फिसमध्ये गाड्यांचा मेकॅनिक होता, मार्शल ग्रँट तिथेच कामाला, कॅशचा भाऊ रॉय पण तिथेच. कॅश, मार्शल आणि ल्यूथर, तिघांकडे आधी साध्याच गिटार होत्या, मग ठरलं की मार्शल बास घेणार आणि ल्यूथर इलेक्ट्रिक. त्याला जी फेंडर एस्क्वायर गिटार मिळाली तिचा व्हॉल्यूमचा कंट्रोल धड नव्हता असं सांगतात, म्हणून तो उजव्या तळव्याने तारा दाबून आवाज आटोक्यात ठेवायचा. आणि त्या दाबलेल्या तारांमधून तो टिक-टॉक ठेका निघाला, आगगाडी चालल्यासारखा, बूम-चिका-बूम. तेव्हा बँडमध्ये ड्रम नव्हतेच, १९६० ला ड्रमर डब्ल्यू. एस. हॉलंड येईपर्यंत. कॅश आपल्या गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवून खरखर काढायचा आणि बाकीचा सगळा ठेका ल्यूथरच्या तळव्यावर. करून बघा घरी, दोन मिनिटं मजा वाटते, दहाव्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं, आणि हा माणूस रोज रात्री तासभर तेच वाजवायचा, एका जागी पुतळ्यासारखा उभा राहून, एक सूर जास्त नाही की कमी नाही. कॅशचा आवाज मुळात खोल, भारदस्त, त्याच्या बाजूला कोणी भराभर सुरांची बरसात केली असती तर गाणं गेलंच असतं. ल्यूथरला ते कळलं होतं.

१३ जानेवारी १९६८ ला फॉल्सम तुरुंगात जे रेकॉर्डिंग झालं त्यात गिटार त्याचीच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घराला लागलेल्या आगीत भाजला आणि ५ तारखेला गेला, वय ४०.

त्याच्यानंतरची गोष्ट मला फार आवडते. सप्टेंबर १९६८, आर्कान्सामधलं फेएटव्हिल, विमानाच्या गोंधळात मार्शल ग्रँट आणि तेव्हा गिटार सांभाळणारा कार्ल पर्किन्स पोचूच शकले नाहीत. कॅश स्टेजवर, सोबत नुसते ड्रम. आणि प्रेक्षकांत बॉब वुटन नावाचा एक माणूस, ज्याला ल्यूथरचा एकूण एक सूर पाठ होता. त्याच्या मैत्रिणीने जाऊन कॅशच्या बायकोला, जून कार्टरला, सांगितलं आणि त्याला वर बोलावलं. त्याने जे वाजवलं ते ऐकून कॅश चाट पडला असणार, कारण थोड्याच दिवसांत वुटन बँडमध्ये होता, फेब्रुवारी १९६९ च्या सॅन क्वेंटिन तुरुंगाच्या कार्यक्रमात तोच वाजवतोय, आणि पुढे १९९७ ला कॅशची टूर थांबेपर्यंत. दुसऱ्याचा हात इतक्या प्रेमाने सांभाळणारा माणूस पण माझ्या यादीत हवाच.

सॅन क्वेंटिनवरून आठवला गायक मर्ल हॅगर्ड. तो तिथे कैदी होता आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅशचा कार्यक्रम त्याने कैद्यांत बसून ऐकला होता, म्हणजे ल्यूथरला पण ऐकलंच. सुटल्यावर लास वेगासला गायक विन स्टुअर्टच्या बँडमध्ये बास वाजवायला लागला आणि तिथे होता रॉय निकल्स. रॉय तोवर जुना खेळाडू झाला होता, १९४९ ला सोळाव्या वर्षी मॅडॉक्स ब्रदर्स अँड रोज या बँडबरोबर टूरला निघालेला, मग गायक लेफ्टी फ्रिझेलबरोबर. १९६५ च्या सुमाराला हॅगर्डने आपला स्ट्रेंजर्स बँड काढला तेव्हा रॉय आला आणि १९८७ पर्यंत राहिला. स्टुडिओत हॅगर्डकडे जेम्स बर्टन हा गिटारिस्टही असायचा, त्यामुळे कुठली गिटार कोणाची यावर लोक अजून भांडतात, पण स्टेजवर रॉयच. चिकन पिकिंग ऐकायचं तर याच्याकडून, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) आणि मधलं बोट दोन्हीने तार उचलायची, लगेच दाबून टाकायची, कोंबडी दाणे टिपतेय तसा आवाज. शिवाय तो तार ओढून सुरावर आणायचा ते आपल्या मींडेच्या जवळचं वाटतं मला, सूर खालून येतो आणि नेमक्या जागी थांबतो. कमी बोलणारी गिटार आहे ती, दुःखी गाण्यात तर एकेक सूर सोडून गप्प बसते.

लिऑन रोड्स राहिला. गायक अर्नेस्ट टबच्या टेक्सास ट्रुबाडूर्स या बँडमध्ये १९६० पासून पाच-सहा वर्षं. गायक अगदी साधा, सरळ, आणि त्याच्या बँडमध्ये हा डॅलसचा माणूस जॅझच्या वळणाचं, सफाईदार, भन्नाट वेगाचं वाजवणारा, स्टीलवर बडी चार्ल्टन. टब सोलोच्या आधी वाजवणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचा, त्यामुळे लोकांना ही नावं पाठ झाली, ही मला फार मोठ्या मनाची गोष्ट वाटते. त्याच्या आधी तिथे बिली बर्ड होता, ज्याच्या आणि हँक गारलंडच्या नावावरून गिब्सनची बर्डलँड गिटार आली.

ऐकायला कुठून सुरुवात करू असं वाटत असेल तर कार्नेगी हॉलवालं लावा, हेडफोनवर. पहिल्यांदा सरळ ऐका. दुसऱ्यांदा बकचा आवाज सोडून द्या आणि फक्त डॉनचा वरचा सूर धरून ठेवा, आणि त्याच क्षणी खाली त्याची बोटं काय करतायत ते ऐका. मी गेल्या रविवारीच परत ऐकलं, दोनदा.