तीर्थनला नक्की जा ताई, पण एफडी मोडून नको आणि कर्ज काढून तर नकोच

ताई नमस्कार, तुम्ही सगळे आकडे व्यवस्थित लिहून पाठवलेत त्याबद्दल आधी थँक्यू, नाहीतर बरेच जण फक्त "घेऊ का लोन?" एवढंच विचारतात आणि मग उत्तर तरी काय द्यायचं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई नाशिकच्या, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला, हातात 50,000 येतात. मिस्टर कॉन्ट्रॅक्टवर, त्यांचे 68,000, आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये रिन्यू होणार आहे, होईल असं वाटतंय पण लेखी काही नाही. मुलगी जूनमध्ये नववीत जाईल, मुलगा नऊ वर्षांचा. घराचा हप्ता 31,000, शाळा-क्लास 12,000, घरखर्च 38,000 (दोन हजारांची भिशी त्यातच), इन्शुरन्ससाठी महिन्याला 5,000 बाजूला आणि एसआयपी 15,000. म्हणजे सगळं जाऊन महिन्याला 17,000 उरतात. अडीनडीसाठी म्हणून 3,20,000 ची एक एफडी आहे, 7.1 टक्क्यांची, जुलैत मॅच्युअर होणारी. आणि प्लॅन आहे मे महिन्यात हिमाचलमध्ये तीर्थन खोऱ्यात नदीकाठच्या एका लाकडी लॉजवर सात रात्री राहायचं, रोज कुठेतरी चालायचं, मुलाला ट्राउट मासा पकडायचाय, मुलीला नॅशनल पार्कमध्ये ट्रेक करायचाय. कोटेशन सगळं धरून 2,68,000. लॉजवाल्यांना 15 फेब्रुवारीच्या आत निम्मे पैसे हवेत, ते परत मिळणार नाहीत. प्रश्न असा, की एफडी मोडू की ॲपवर 14 टक्क्यांनी अडीच लाखांचं ट्रॅव्हल लोन मिळतंय ते घेऊ?

पहिलं म्हणजे तुम्ही मेलमध्ये तीन वेळा लिहिलंय की "हौसच आहे, गरज नाही, कळतंय मला". ताई असं नका म्हणू. मुलगी वर्षभरात दहावीच्या रगाड्यात जाईल, नंतर अकरावी-बारावी, चौघांनी मिळून आठवडाभर डोंगरात चालायची संधी खरंच मोजकीच उरलीये. हा खर्च फालतू अजिबात नाही. माझा आक्षेप पैसे कुठून येतायत आणि कधी जातायत ह्याला आहे.

आता लोन. अडीच लाख, 14 टक्के, 24 महिने, हप्ता बसतो साधारण 12,000. दोन वर्षांत व्याज 38,000 च्या आसपास, वर दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी मिळून 5,900. म्हणजे ट्रिपचे 44,000 जास्तीचे. पण त्याहून मला खटकतंय ते हे की उरणाऱ्या 17,000 मधले 12,000 दोन वर्षं बांधले जातील, पुढच्या मे मध्येही ह्याच ट्रिपचे हप्ते, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि मुलीच्या दहावीचं वर्ष बरोबर त्यातच येतंय. जूनमध्ये मिस्टरांचं काही इकडचं तिकडे झालं तर हा हप्ता तुमच्या एकटीच्या पगारातून जाणार. लोन हा पर्याय डोक्यातून काढूनच टाका.

एफडीचं गणित वेगळंय. मुदतीआधी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का कापतात, एक टक्का धरला तरी तुमचं नुकसान पाच हजारांच्या घरात. नुसतं व्याज बघितलं तर 44,000 पेक्षा 5,000 कधीही बरे, आणि मिस्टरांचं म्हणणं तेच आहे ना, ते गणित म्हणून अगदी बरोबर आहे. पण ही एफडी कशासाठी ठेवली होती ते बघा. हप्ता, शाळा, घरखर्च आणि इन्शुरन्स मिळून तुमचा न टळणारा खर्च 86,000. उद्या 68,000 थांबले आणि एसआयपी बंद ठेवली तरी तुमच्या पगारातून महिन्याला 36,000 कमी पडणार. 3,20,000 हातात असतील तर असे जवळपास नऊ महिने निघतात. नऊ महिन्यांत माणूस शांतपणे दुसरं काम शोधतो, मिळेल ते पहिलं घ्यावं लागत नाही. ट्रिपनंतर उरतात 52,000, म्हणजे दीड महिना.

आणि ते 52,000 सुद्धा उरणार नाहीत. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात "टॅक्सेस एक्स्ट्रा" लिहिलंय, ते बघितलंत का? दोन खोल्या, एका खोलीचे रात्रीचे 9,000. हॉटेलच्या खोलीला 7,500 पर्यंत 5 टक्के जीएसटी आहे (22 सप्टेंबर 2025 पासून, आधी 12 होता) पण 7,500 च्या वर गेलात की सरळ 18 टक्के. तुमच्या 1,26,000 वर 22,680 होतात! ट्रिप 2,68,000 ची नाही, 2,90,000 ची आहे. म्हणजे लोनचे अडीच लाखही पुरत नव्हते, वरचे क्रेडिट कार्डवर गेले असते, आणि एफडी मोडली असती तर 29,000 उरले असते, त्यातून पेनल्टी वजा. जूनच्या तोंडावर 25,000 घेऊन बसायचं, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही करू देणार नाही.

एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल, काढायचं पण तुम्ही विचारलंय. एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के वर पडतो, लोनपेक्षा स्वस्तच आहे, पण एफडी त्यात अडकतेच, अडचणीच्या वेळी ती मोकळी नसते. त्यामुळे तेही नको.

आणि एलटीए, म्हणजे पगारातला सुट्टीच्या प्रवासाचा भत्ता. मिस्टर म्हणाले बिलं दाखवू, टॅक्स वाचेल. तुमच्या दोघांच्या पगाराला नव्या रिजीममध्ये टॅक्स शून्य आहे, 12 लाखांपर्यंत रिबेट, नोकरदारांना स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. मुळात टॅक्सच नाही तर वाचणार काय? शिवाय एलटीएची सूट जुन्या रिजीममध्येच मिळते आणि तीही फक्त प्रवासभाड्याला, लॉजच्या बिलाला नाही. तो विषय सोडून द्या.

मग काय करायचं? मे ऐवजी दिवाळीच्या सुट्टीत जा.

आत्तापासून दर महिन्याला 14,000 ची आरडी सुरू करा, उरणाऱ्या 17,000 मधलीच, एसआयपीला हात लावायचा नाही. ऑक्टोबरपर्यंत नऊ महिन्यांत 1,26,000, वर तीन-साडेतीन हजार व्याज. सप्टेंबरमध्ये तुमचा भिशीचा नंबर आहे म्हणालात, त्याचे 30,000. झाले 1,56,000, कुणाचं देणं नाही आणि एफडी जागच्या जागी (जुलैत मॅच्युअर झाली की तशीच पुन्हा ठेवा, तेव्हा मोह होईल म्हणून आत्ताच सांगून ठेवते). सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जूनमध्ये कॉन्ट्रॅक्टचं काय ते कळेल आणि तोपर्यंत तुम्ही कुणालाही एक रुपया ॲडव्हान्स दिलेला नसेल. रिन्यू झालं तर जुलैत बुकिंग करा. नाही झालं तर आरडीत साठलेले 70,000 एफडीच्या जोडीला उभे राहतील, जवळपास आणखी दोन महिने निघतील. मे च्या प्लॅनमध्ये ही सोयच नव्हती.

1,56,000 मध्ये तीर्थन होतं का? होतं, आणि मला तर वाटतं जास्त चांगलं होतं. तुमच्या कोटेशनमध्ये डोंगराचे पैसे फार कमी आहेत, ब्रँडेड लॉज, मे ची विमानं आणि खरेदी ह्यातच दोन लाखांच्या वर गेलेत. गुशैनी, बंजार, जीभी ह्या पट्ट्यात गावातल्या लोकांची होमस्टे आहेत, काही तर जुन्या काठकुणी पद्धतीची घरं, म्हणजे एक थर देवदाराच्या लाकडाचा आणि एक दगडाचा, सिमेंट नाही. घरच्यांच्याच स्वयंपाकघरात बसून राजमा-भात आणि वाफाळता सिड्डू, म्हणजे आत सारण भरून वाफवलेली कणकेची जाड रोटी, तुपासोबत. जेवणासकट खोलीला रात्रीचे 4,500 धरा, दोन खोल्या, पाच रात्री, 45,000. जीएसटी लागलाच तर 5 टक्के, 2,250. तीन दिवस लोकल गाइड, 7,500 धरा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये गाडी जातच नाही, परमिट काढून गुशैनीच्या बाजूने रोलापर्यंत चालत जायचं, जाऊनयेऊन पूर्ण दिवस जातो. 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं जंगल आहे ते, मुलीला तेच हवंय, आणि त्यासाठी लॉज 9,000 चा असण्याची काही गरज नाही.

एक दिवस जालोरी जोतला, म्हणजे खिंडीत, टॅक्सी करून जा आणि तिथून सेरोलसर तळ्यापर्यंत चाला, एका बाजूने साधारण पाच किलोमीटर, बहुतेक वाट ओकच्या जंगलातून आणि फार चढ नाही, मुलगा आरामात करेल. तळ्याकाठी बुढी नागिणीचं देऊळ आहे, लोक तिथे तूप वाहतात, आणि तळ्यात पान पडलं की एक पक्षी ते उचलून नेतो असं तिथली माणसं सांगतात. ह्या सगळ्याला टॅक्सीशिवाय खर्च जवळजवळ नाही. लोकल टॅक्सीला 15,000 ठेवा.

जायला विमान नको. नाशिकरोडला थांबणारी मुंबई–निजामुद्दीन राजधानी आहे, दिल्लीहून रात्रीची मनालीची व्होल्वो पकडून औटला उतरायचं, तिथून बंजारकडे टॅक्सी. चौघांचं येऊनजाऊन 42,000 धरलंय मी, थोडं सढळच. रिझर्व्हेशन आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं, दिवाळीची गर्दी असते त्यामुळे त्या दिवशी सकाळी बसूनच राहा.

खरेदीचे 38,000 वाचून मात्र वाईट वाटलं. दोन्ही मुलांना सात-सात हजारांचे ट्रेकिंग शूज, पुढच्या वर्षी बसणार नाहीत. चौघांना चांगल्या ग्रिपचे साधे शूज आणि मुलांना थर्मल, 12,000 मध्ये बसवा, जाड जॅकेट नातेवाइकांकडे मागा, कुणाकडे तरी असतंच. आणि ते शूज घालून पावसाळा संपला की अंजनेरी, ब्रह्मगिरी करा. गुशैनी गावच जवळपास कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर आहे आणि जालोरी त्याच्या दुप्पट, 3,000 मीटरच्या वर, तेव्हा पायांना सवय हवी. मोजक्या दिवसांच्या ट्रिपमध्ये पहिल्याच दिवशी पायाला फोड आले तर पुढचे सगळे पैसे खोलीत बसून जातात.

वरखर्च 12,000. बेरीज 1,35,750 होते, उरलेले वीस हजार हातात ठेवा, रस्ता बंद झाला तर एखादी रात्र वाढते. हे पैसे कॅशमध्ये थोडे आणि खात्यात थोडे, खोऱ्यात एटीएम आणि नेटवर्क दोन्हीचा भरवसा नको.

दिवाळीत दोन गोष्टी हातच्या जातील, त्या लपवत नाही. हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, आणि दिवाळी नोव्हेंबरमध्ये असेल तर मुलाला गळ टाकता येणार नाही. त्याला आत्ताच सांगा, तिथे गेल्यावर नाही. खोऱ्यात ट्राउटची फार्म आहेत, तिथे टाक्यांमध्ये सळसळणारे मासे जवळून बघता येतील, पण ते म्हणजे पकडणं नव्हे हे मलाही मान्य आहे. दुसरं, रात्री कडाक्याची थंडी असेल आणि जालोरीवर बर्फ लवकर पडलं तर वाट अडू शकते. पण आकाश स्वच्छ असतं, गर्दी मे पेक्षा कमी. पावसाळ्यातल्या स्वस्त ऑफरच्या नादाला मात्र लागू नका, जुलै 2023 मध्ये बियास नदीला आलेल्या पुरात रस्ते कसे वाहून गेले ते सगळ्यांनी पाहिलंय.

इन्शुरन्सचं एक बघून घ्या. तुमच्या मेडिक्लेमचं कार्ड देशभर चालतं, पण छोट्या गावात कॅशलेस मिळेलच असं नाही, आधी भरून नंतर क्लेम करावा लागतो. त्या आठवड्यात एफडी मोडलेली नसणं इथेही कामाला येईल. वेगळी ट्रॅव्हल पॉलिसी घेतलीत तर ट्रेकिंग वगळलेलं नाही ना आणि किती उंचीपर्यंत चालतं, हे वर्डिंगमध्ये स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

कार्डवर नो-कॉस्ट ईएमआयचा मेसेज येईल, विमानाच्या साइटवर तर येतोच. त्यात प्रोसेसिंग फी असते, व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो आणि एकरकमी भरणाऱ्याला मिळणारी सूट बहुतेक वेळा जाते. नाही म्हणा.

मिस्टरांशी बोलताना "मॅडम नाही म्हणाल्या" असं नका सांगू, त्यांना वाईट वाटेल, ट्रिप त्यांच्याच मनात आधी आली होती ना. वरचं 36,000 चं गणित दोघांनी कागदावर मांडा, जूनची काळजी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त असणार, फक्त बोलत नसतील. आणि 15 तारखेच्या आत लॉजवाल्यांना फोन करून सांगा की मे चं होत नाही. त्यांचंच लॉज आवडलं असेल तर नोव्हेंबरचा दर टॅक्ससकट लेखी मागा, आणि खोली 7,500 च्या आत बसत असेल तर मला आकडे पाठवा, पाच रात्रींपैकी दोन तिथे बसवता येतात का ते आपण बघू.