ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली होती, पेशंट दगावला तर हॉस्पिटलवर केस करता येते का?

हो, सही असली तरी केस करता येते, कारण त्या फॉर्मवर तुम्ही ऑपरेशनला आणि सांगितलेल्या धोक्यांना संमती देता, हलगर्जीपणाला नाही. पण माणूस गेला एवढ्यावर कोर्टात काही टिकत नाही, दुसऱ्या जाणत्या डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी इथे घेतली नाही (इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातली कसोटी, भारतातही हीच मानतात) आणि मृत्यू त्यामुळेच झाला हे दोन्ही दाखवावं लागतं, दुसरं जास्त अवघड, पेशंट आधीच सिरीयस असेल तर फारच. त्यामुळे आधी सगळे केसपेपर लेखी मागा, नर्सिंग नोट्स आणि औषधांचा चार्ट धरून, नुसत्या समरीवरून काही कळत नाही. मुदत देशागणिक वेगळी, भारतात ग्राहक आयोगाकडे २ वर्षं.