उत्तर कोरियातून आलेल्या माणसाचं दक्षिणेतल्या डॉक्टरांपुढे नेमकं काय अडतं?

तुम्ही विचारलंय की दोन्ही कोरियांची भाषा एकच असताना उत्तरेतून निसटून आलेल्या लोकांना दक्षिणेतल्या दवाखान्यात आपलं दुखणं सांगणं इतकं जड का जातं, आणि दोन्हीकडच्या वैद्यकीय शब्दांचा एक सामाईक कोश केला तर हा प्रश्न मिटेल का.

मी सोलजवळ सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करते आणि सुट्टीच्या दिवशी एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपर काढायला बसते. तिथे उत्तरेकडचे बरेच जण येतात. माझं मत आधीच सांगून टाकते: कोश हवाच, पण त्याने थोडंच भागेल. शब्द वेगळे झाले त्याहून जास्त वेगळे झाले ते दवाखाने.

शब्दांचं आधी उरकते. 1945 मध्ये देशाचे दोन तुकडे झाले. पुढे उत्तरेने चिनी वळणाचे अनेक शब्द काढून देशी शब्द घडवले, आणि परके शब्द घेतले ते बरेचसे रशियाच्या वाटेने. दक्षिणेत डॉक्टर इंग्रजीतून शिकतात. त्यामुळे विषाणू तिकडे ‘बिरुसु’, इकडे ‘बाइरसु’. लस तिकडे ‘वाकचिन’, इकडे ‘बेकशिन’. एक्स-रे तिकडे रॉन्टजेनच्या नावाने ओळखला जातो. रक्तगटाला उत्तरेत साधं ‘फि-ह्यंग’ म्हणतात, फि म्हणजे रक्त; दक्षिणेत त्यालाच चिनी मुळाचा लांबडा शब्द आहे. हे सगळं काही महिन्यांत अंगवळणी पडतं. आजवर दक्षिणेत सुमारे 34,000 लोक आले, त्यांत बायकाच जास्त. 1999 मध्ये सुरू झालेल्या हानावन या सरकारी केंद्रात नव्या माणसांना तीनेक महिने ठेवून इथली भाषा, व्यवहार, बँक, दवाखाना सगळं शिकवतात.

घात होतो तो रोजच्या बोलण्यात. ‘इल-ऑप्ता’ म्हणजे उत्तरेत ‘ठीक आहे, काही त्रास नाही’. दक्षिणेत तेच ऐकू येतं ‘मला गरज नाही, राहू दे’ असं. सलाइन लावल्यावर नर्सने एका वयस्कर बाईंना हात दुखतोय का विचारलं. त्यांनी आपल्या परीने अगदी नम्रपणे हे उत्तर दिलं, आणि नर्स गाल फुगवून निघून गेली. त्यानंतर तासभर त्या बाईंकडे कोणी फिरकलं नाही.

आता दवाखान्यांकडे येते. उत्तरेत ‘हो-दामदांग’ डॉक्टरांची पद्धत होती, कागदावर आजही आहे. ठरावीक घरं एका डॉक्टरांकडे. ते दारात येणार, लस टोचणार, घरातल्या प्रत्येकाची प्रकृती त्यांना ठाऊक असणार, आणि पैसे लागणार नाहीत. गरीब देशात हे मोठंच काम होतं, ते नाकारू नये. मग सोव्हिएत संघ कोसळला, मदत थांबली, आणि 1990 च्या दशकात दुष्काळाने लाखो माणसं मेली. डॉक्टर जागेवर राहिले, पण औषधं संपली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि रुग्णाने ते चांगमादांगमध्ये, म्हणजे खुल्या बाजारात, विकत घ्यायचं. पुढे लोकांनी चिठ्ठीही सोडली. दुखणं आपणच ओळखायचं, गोळीही आपणच निवडायची.

म्हणून माझ्या टेबलापुढे बसलेली बाई ‘डोकं दुखतं’ म्हणत नाही, ‘जंगथोंगफ्यन लिहून द्या’ म्हणते. ही चीनमध्ये बनणारी स्वस्त वेदनाशामक गोळी. उत्तरेत ती डोकेदुखीपासून थकव्यापर्यंत कशावरही घेतात. एकीने पर्समधून कागदाची पुडी काढून मला दाखवली. आत सुट्या पांढऱ्या गोळ्या होत्या, ओळखीच्या कोणीतरी मिळवून दिलेल्या. त्या गोळीत अमिनोपायरिन, फिनॅसेटिन, कॅफीन आणि फिनोबार्बिटाल असतं. फिनॅसेटिन दीर्घकाळ घेतलं तर मूत्रपिंडाला घातक, आणि फिनोबार्बिटालची सवय लागते. यातल्या पहिल्या दोन औषधांवर आपल्याकडे भारतात 1983 मध्येच बंदी आली. दक्षिणेतल्या तरुण डॉक्टरांना हे नाव ऐकून काहीच बोध होत नाही. ते साधी पॅरासिटामॉल देतात. रुग्णाला वाटतं, आपल्याला फुटकळ औषधावर वाटेला लावलं. आणि ती पुन्हा पुडी शोधू लागते.

मनाच्या दुखण्याचं तर विचारूच नका. छातीत धडधड, झोप नाही, श्वास कोंडतो, असं घेऊन येणारी माणसं उत्तरेतलं निदान सांगतात: ‘हृदयाचा न्यूरोसिस’. इथले डॉक्टर हृदय तपासतात, सगळं ठीक निघतं, मग विचारतात, ‘स्ट्रेस आहे का?’ हा शब्द दक्षिणेत शाळकरी पोरंही वापरतात. नव्याने आलेल्यांना त्यातून काय विचारलंय तेच कळत नाही. आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली की चेहरा पडतो. उत्तरेत वेड्यांच्या इस्पितळाला ‘49 नंबर’ म्हणतात. तिथे नाव लागलं की माणूस संपला, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. दक्षिणेत 2011 मध्ये त्या विभागाचं नाव बदलून त्यात ‘मानसिक आरोग्य’ आणलं, तरी ही भीती जात नाही. कशी जाईल? सीमा ओलांडताना काय काय सोसलं, हे डॉक्टरांनी अजून विचारलेलंच नसतं.

अज्ञान दुसऱ्या बाजूनेही आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये एक उत्तर कोरियन सैनिक गोळ्या झेलत पानमुनजोमची सीमा ओलांडून आला. त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे दक्षिणेतले डॉक्टर इ गुक-जोंग म्हणाले की त्याच्या आतड्यांत निघाले तसे जंत त्यांनी वीसेक वर्षांच्या कारकिर्दीत फक्त पुस्तकात पाहिले होते. जगभर त्या जंतांच्या बातम्या चवीने चघळल्या गेल्या, याचा मला फार राग आला होता. 1971 मध्ये दक्षिणेतच पाहणी झाली तेव्हा 100 पैकी 84 जणांच्या पोटात कृमी निघाले होते. आजच्या डॉक्टरांच्या आजी-आजोबांचंच हे दुखणं होतं.

दक्षिणेची व्यवस्था उत्तम आहे. 1989 पासून सगळ्यांना आरोग्य विमा आहे, आणि उत्तरेकडून आलेल्यांचा सुरुवातीचा बराचसा खर्च सरकार उचलतं. पण इथले लोकच आपल्या ओपीडीला ‘3 मिनिटांची तपासणी’ म्हणतात. ज्याच्या दुखण्याला इथलं नावच नाही, त्याला 3 मिनिटं कशी पुरतील? काही सरकारी रुग्णालयांत उत्तरेतून आलेल्या समुपदेशकांना बसवलंय, आणि माझ्या मते पैसा तिथे आधी जायला हवा. शब्द जाणणारी व्यक्ती तिथे असते, शिवाय तिने स्वतः चांगमादांगमधून औषध आणलेलं असतं.

कोशाचं म्हणाल तर, दोन्ही कोरियांनी मिळून सगळ्या भाषेचाच एक मोठा शब्दकोश करायचं काम 2005 मध्ये हाती घेतलं. राजकारण बिघडलं की बैठका थांबतात, त्यामुळे ते रखडलंय. तोवर रुग्णांनी थांबायचं कसं?

आमच्या दवाखान्यात केसपेपरवर दोन रकाने वाढवले आहेत. एकात, तिकडच्या डॉक्टरांनी आजाराचं काय नाव सांगितलं होतं ते रुग्णाच्याच शब्दांत, न बदलता. दुसऱ्यात, आतापर्यंत कोणती गोळी घेतली, कुठून आणली आणि किती दिवस. दुसरा रकाना भरताना मी आधीच सांगते की हे पोलिसांकडे जात नाही. त्यानंतरच पुड्या टेबलावर येतात.