शालेय मानसशास्त्र आणि विशेष शिक्षणातला संशोधक आयुष्यभर नेमकं काय करतो?

तुम्ही विचारलंय की मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर शालेय मानसशास्त्र आणि विशेष शिक्षणात पीएच.डी. करावी का, आणि या विषयात तीस-चाळीस वर्षं पुरेल एवढं शोधण्यासारखं आहे तरी काय. मी पुण्यात शाळेतल्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे शिकायला अडचण येणाऱ्या मुलांना वेगळं शिकवायच्या खोलीत, विशेष शिक्षिका आहे. ज्यांच्या कामाचा मला रोज उपयोग होतो अशा एका संशोधकाबद्दल सांगते, त्यावरून तुम्हाला अंदाज येईल.

जेम्स आयसेलडाइक. १९७१ साली इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. आणि नंतरची बहुतेक कारकीर्द मिनेसोटा विद्यापीठात. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा अमेरिकेत एक समज पक्का होता: मुलाला वाचता येत नाही म्हणजे त्याची पाहण्याची किंवा ऐकण्याची आतली एखादी क्षमता कच्ची आहे, टेस्टने ती शोधायची आणि तिचे व्यायाम द्यायचे. आयसेलडाइक आणि त्यांचे सहकारी जॉन साल्विया यांनी १९७४ पासूनच हा पाया तपासायला घेतला. टेस्ट पुरेशा भरवशाच्या आहेत का? त्या व्यायामांनी वाचन खरंच सुधारतं का? पुरावा फार तोकडा निघाला. आपल्याकडे आजही ‘पाहून शिकणारं मूल’, ‘ऐकून शिकणारं मूल’ अशा विभागणीवर शिक्षकांची प्रशिक्षणं होतात, ते पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

१९७५ साली अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा मोठा कायदा झाला. १९७७ साली सरकारने अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकायला फार अडचण येण्याच्या) संशोधनासाठी पाच विद्यापीठांत संस्था काढल्या. त्यातल्या मिनेसोटातल्या संस्थेचे आयसेलडाइक संचालक होते. तिथलं काम मी विद्यार्थिदशेत वाचलं आणि सुन्न झाले.

एका प्रयोगात, कोणत्या मुलाला विशेष शिक्षण द्यायचं हे शाळांमध्ये ठरवणाऱ्यांना संगणकावर एका मुलाची माहिती दिली. सगळ्या टेस्टचे निकाल मुद्दाम सर्वसाधारण ठेवले होते, बदलत होती ती फक्त मुलाला तपासणीसाठी पाठवण्याचं कारण आणि घरची पार्श्वभूमी अशी माहिती. तरी जवळपास निम्म्या लोकांनी त्या धडधाकट मुलाला विशेष शिक्षणासाठी पात्र ठरवलं. १९८२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की शिक्षकाने तपासणीसाठी नाव पाठवलेल्या मुलांपैकी ९२ टक्क्यांच्या टेस्ट होतात आणि टेस्ट झालेल्यांपैकी ७३ टक्के विशेष शिक्षणात दाखल होतात. म्हणजे वर्गशिक्षकाने नाव लिहून दिलं तेव्हाच बहुतेक काम झालेलं असतं. त्याच वर्षी त्यांनी चौथीतली दोन गटांतली मुलं ताडून पाहिली, एका गटावर अध्ययन अक्षमतेचा शिक्का होता, दुसऱ्या गटातली मुलं नुसती अभ्यासात मागे होती. दोन्ही गटांचे गुण सरासरी ९६ टक्के एकाच पट्ट्यात येत होते.

यावर वादही झाला, आणि तो तुम्ही वाचायलाच हवा. १९९४ साली कॅव्हेल, फुक्स आणि स्क्रग्ज यांनी तीच आकडेवारी पुन्हा मांडून दाखवलं की गटांमधला फरक चांगलाच मोठा आहे. मला स्वतःला या दुसऱ्या बाजूचं म्हणणं पटतं. अध्ययन अक्षमता खरी असते, मी ती रोज पाहते. पण ती कोणाला आहे हे ठरवण्याची आपली रीत किती ढिली आहे, हे आयसेलडाइक यांनी दाखवलं, आणि ते खोडून निघालेलं नाही.

मग टेस्टऐवजी करायचं काय? त्याचं उत्तर त्याच संस्थेतल्या स्टॅन्ली डेनो यांनी दिलं. मुलाने इयत्तेच्या पुस्तकातला उतारा एक मिनिट मोठ्याने वाचायचा, आपण बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगून पुढे जायचं. दर आठवड्याचा आकडा आलेखावर मांडायचा आणि आजच्या पातळीपासून वर्षअखेरच्या उद्दिष्टापर्यंत रेघ ओढायची. लागोपाठ चार ठिपके रेघेखाली गेले की शिकवण्याची पद्धत बदलायची. किती साधं आहे हे! पण लिन फुक्स, डेनो आणि फिलिस मर्किन यांनी न्यूयॉर्कमध्ये ३९ विशेष शिक्षकांबरोबर १८ आठवडे प्रयोग केला, तेव्हा असं मोजमाप ठेवणाऱ्या शिक्षकांची मुलं वाचनात पुढे गेली. १९८४ साली तो प्रसिद्ध झाला. माझ्या कपाटात प्रत्येक मुलाचा असा आलेख आहे आणि पालकसभेत मी आधी तोच समोर ठेवते.

१९९० मध्ये आयसेलडाइक यांनी मिनेसोटात आणखी एक राष्ट्रीय केंद्र उभं केलं. अपंग मुलांना राज्यांच्या परीक्षांतून सरसकट वगळलं जायचं, त्यामुळे ती किती शिकली याचा हिशेबच कुठे नव्हता. १९९७ च्या कायदादुरुस्तीने त्यांना या परीक्षांत सामावून घेणं बंधनकारक झालं.

आता तुमच्याबद्दल. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, बोर्डाच्या सवलती आहेत, आणि पालकांची सगळी धावपळ अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटसाठी असते. सर्टिफिकेट मिळाल्यावर त्या मुलाला शिकवण्यात काय बदललं, हे कोणी विचारत नाही. तुम्ही तो विषय घ्या. किंवा मराठी वाचनाचा घ्या: आपल्याकडे प्रत्यय जोडून शब्द लांबत जातो, ‘शेजारच्यांकडूनसुद्धा’ हा एकच शब्द. मग एका मिनिटात शब्द मोजायचे की अक्षरं? जोडाक्षरांवर अडणाऱ्या मुलाचं मोजमाप कसं ठेवायचं? इंग्रजीचे ठोकताळे इथे चालत नाहीत, हे मला रोज जाणवतं.

पीएच.डी. जरूर करा. फक्त प्रवेश घेण्याआधी एखाद्या शाळेत वर्षभर मुलांना वाचायला शिकवा, शक्यतो तिसरी-चौथीच्या.