भाजल्यावरच्या मलमाची चाचणी कशी करतात? माणसांना मुद्दाम भाजतात का?

हो, खरंच भाजतात. तुम्ही गमतीत विचारलं असेल, पण डेन्मार्कमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे. स्वयंसेवकाच्या पोटरीवर ४७ अंश सेल्सिअसला तापवलेली छोटी पट्टी ७ मिनिटं टेकवून ठेवतात. वरवरचंच भाजतं, कातडी लाल होते, हुळहुळते, एखाद्याला फोडही येतो.

दुसरी पद्धत अतिनील किरणांची. मी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र शिकवतो. वर्गात समजवायला हीच सोपी पडते. आधी लहान लहान चौकोनांवर वाढत्या मात्रेने किरणं देतात आणि २४ तासांनी बघतात, सगळ्यात कमी कुठल्या मात्रेला लाली उमटली. ती त्या माणसाची मात्रा, पुढचा हिशेब तिच्या पटीत. मग एका चौकोनावर औषधाचा जेल, दुसऱ्यावर औषध न घातलेला तसाच जेल, तिसरा कोरा. हा मधला चौकोन फार महत्त्वाचा. जेल वाळताना नुसताच गार लागतो, म्हणजे तुलनेला तो नसेल तर कुठलाही जेल गुणकारी ठरेल! लाली यंत्राने मोजतात. आपल्या सावळ्या कातडीवर ती नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाही.

निकाल सांगितले की मुलं चक्रावतात. सुजेवर स्टेरॉइड म्हणजे रामबाण, अशी सगळ्यांची समजूत. पण १९९४ साली डॅनिश डॉक्टरांनी क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड चटक्यावर लावून पाहिलं. ना दुखणं कमी, ना सूज. २००८ मध्ये तिथेच, अतिनील किरणांनी भाजल्यावर ६ किंवा २३ तासांनी स्टेरॉइड लावलं, तरी म्हणण्यासारखा फरक नाही. उलट डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या ०.१ टक्के जेलने किरणांची लाली आणि वेदना कमी झाल्या. माझ्या मते कारण वेळेचं आहे. डायक्लोफिनॅक प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं आणि लाली वाढवणारं शरीरातलं द्रव्य, बनवणारं एन्झाइम थेट अडवतं. स्टेरॉइडचं काम बरंचसं जनुकांमार्फत चालतं, त्याला काही तास लागतात, तोवर गाडी सुटलेली असते.

पण म्हणून फोड आलेल्या किंवा सोललेल्या जागी डायक्लोफिनॅक चोळू नका हं, या चाचण्या अखंड कातडीवरच्या आहेत. कुकरच्या वाफेचा चटका बसला तर आधी २० मिनिटं नळाखाली हात.

आमच्या आईची स्टेरॉइडची ट्यूब कायम फ्रिजच्या दारात. हे सगळं मी तिलाही ऐकवलंय. ट्यूब अजून तिथेच आहे.