घरी पहिल्यांदाच मायक्रोवेव्ह आलाय. तो सुरक्षितपणे आणि नीट कसा वापरायचा?

तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय की मुलाने पुण्याहून २० लिटरचा सोलो (म्हणजे ग्रिल वगैरे नसलेला साधा) मायक्रोवेव्ह पाठवलाय, तुम्ही पाचोऱ्याला राहता, लाइटचा भरवसा नाही आणि आई म्हणतात की त्यातल्या किरणांनी कॅन्सर होतो. शिवाय भरीत होतं का, हेही विचारलंय. जळगावात माझं मिक्सर, गिझर, मायक्रोवेव्ह दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे या चारही गोष्टी मला गिऱ्हाइकं रोज विचारतात.

मायक्रोवेव्ह मुख्यतः अन्नातल्या पाण्याला तापवतो. काय ठेवायचं, काय नाही, कुठे जपायचं, हे बहुतेक यावरूनच उमगतं. आत मॅग्नेट्रॉन नावाचा भाग असतो. तो २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, पाण्याचे रेणू त्या लहरींबरोबर सारखे दिशा बदलतात आणि त्या धडपडीतून उष्णता तयार होते. काचेत, चिनी मातीत पाणी नाही म्हणून त्या लहरींनी तापत नाहीत. आतल्या पदार्थामुळे तापतात, तेवढंच. आणि 'आतून शिजतं' हे खरं नाही. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, पुढे उष्णता आपली सरकत सरकत जाते. म्हणून भाताचा डोंगर करून ठेवला की बाहेरून चटका आणि मधे फ्रिजचा गारठा. ताटलीत पसरून, मधे खळगा करून ठेवा, अर्ध्या वेळेला बाहेर काढून ढवळा आणि झाल्यावर दोन मिनिटं झाकून राहू द्या. त्या दोन मिनिटांत उष्णता सगळीकडे सारखी होते.

काचेची थाळी का फिरते हे आईंना दाखवायचं असेल तर एक गंमत करा. थाळी आणि खालची चाकांची रिंग काढा, एक सपाट चिनी मातीची ताटली मधल्या खुंटीबरोबर फिरणार नाही अशी ठेवा, तीत दोन-तीन उडदाचे पापड पसरा आणि वीस-पंचवीस सेकंद चालवा. समोरच उभे राहा. पापड काही जागी फुलून पांढरा होईल आणि मधल्या जागी तसाच कच्चा राहील. लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, त्यामुळे जास्त तापणाऱ्या जागा सहा-सहा सेंटिमीटरच्या आसपास पडतात. थाळी फिरली नाही तर तुमच्या भाजीचंही हेच होईल.

आता कॅन्सरचं. या लहरी रेडिओच्या कुळातल्या आहेत, एक्स-रेच्या नाहीत. त्यांच्यात तापवण्याची ताकद आहे, पेशीतल्या डीएनएची मोडतोड करण्याची नाही. बटण बंद झालं की लहरी बंद. अन्नात काही उरत नाही. दाराच्या काचेला जी बारीक भोकांची जाळी दिसते, तिची भोकं लहरीच्या मानाने इतकी लहान असतात की लहर आरपार जात नाही. दार उघडताच यंत्र बंद पडावं म्हणून दारात एकापेक्षा जास्त स्विच असतात. अमेरिकेत १९७१ पासून नियम आहे की यंत्राच्या अख्ख्या आयुष्यात पाच सेंटिमीटरवर गळती चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या वर जाता कामा नये. मागे सरकलं की ती झपाट्याने आणखी कमी होते. जीवनसत्त्वांचंही तसंच. कमी वेळ आणि कमी पाणी, म्हणून भाजी उकळून पाणी फेकण्यापेक्षा इथे ती जास्तच टिकतात.

मात्र दार वाकलं असेल, बिजागरी ढिली असेल, काच किंवा जाळी तुटली असेल तर वापर त्याच दिवशी थांबवा. उघड्या दारावर लहान मुलं लोंबकळतात, कुणी त्यावर जड पातेलं टेकवतं, दार तिथूनच बिघडतं. मोबाइल आत ठेवून रिंग वाजते का बघायची जी युक्ती फिरते तिच्यावर विसंबू नका. चांगल्या मायक्रोवेव्हमध्येही रिंग वाजू शकते. माझ्या मते भीती बाळगायची तर वाफेची आणि उकळत्या पाण्याची बाळगावी, कारण भाजतं त्याने.

लाइटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे यंत्रं खराब होतात ती इथेच. डब्यावर ८०० वॅट लिहिलंय ते अन्नाला मिळणारं. भिंतीतून तो १२०० वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे पाच अँपियरहून जास्त. साध्या ६ अँपियरच्या बोर्डात, वर एक्स्टेन्शन, त्यातच मिक्सर, असं करू नका. वायर गरम होऊन सॉकेट काळं पडतं. वायरमनकडून १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट घ्या आणि अर्थिंग आहे की नुसतं तिसरं भोक आहे हे त्याच्याकडून मीटरने तपासून घ्या. जुन्या घरांमध्ये अनेकदा नुसतं भोकच असतं. यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष यंत्राला देण्याआधी अर्थिंग बघा.

घरच्या इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह लावू नका, पंखे-ट्यूबलाइटसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरला ते ओझं पेलत नाही. टीव्हीचा स्टॅबिलायझरही चालत नाही. घ्यायचाच तर यंत्र जितकं ओढतं त्याहून बऱ्याच वरच्या क्षमतेचा घ्या. लाइट गेली की प्लग काढून ठेवा, कारण परत येताना पहिला झटका कंट्रोल कार्डला, म्हणजे बटणांमागच्या सर्किटला, बसतो. आणि संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की हाच मायक्रोवेव्ह मंद चालतो. सकाळी दीड मिनिटात झालेला चहा रात्री जास्त वेळ घेईल. यंत्र बिघडलेलं नाही, मिनिटं थोडी वाढवा.

ठेवायची जागा: मागे, बाजूला आणि वर मोकळी जागा हवी, किती ते पुस्तिकेत दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, स्वयंपाकघर त्याहून तापलेलं. त्यात यंत्र कोनाड्यात कोंबलं, वर क्रोशाचं कव्हर घातलं, तर ते मधेच बंद पडतं. आतला थर्मल स्विच उडालेला असतो. अर्धा तास थंड होऊ द्या, बऱ्याचदा आपोआप चालू होतं. चालू असताना कव्हर काढायचंच. गॅसच्या शेगडीला लागूनही नको, फोडणीचं तेल जाळ्यांमधून आत जातं आणि मग झुरळांची वस्ती होते. कार्डावर झुरळं आणि पाली मेलेल्या मी नेहमी काढतो.

भांडी. स्टीलचा डबा, पितळी वाटी, ॲल्युमिनियमचं पातेलं, फॉइल, सोनेरी काठाच्या कपबश्या, काहीच नको. धातूवर लहरी आदळून ठिणग्या उडतात. आपल्या घरात नव्वद टक्के भांडी स्टीलची, त्यामुळे बोरोसिलिकेट काचेचे दोन-तीन वाडगे झाकणासकट आधीच घेऊन ठेवा. मेलामाइनच्या रंगीत ताटल्या नको, त्या स्वतःच तापतात. हॉटेलातून पार्सल येतं तो पातळ प्लास्टिकचा डबा तर मुळीच नको, आणि शेवभाजी असेल तर दुप्पट नको. पाणी एरवी शंभर अंशांवर उकळून थांबतं. तेल त्याच्या कितीतरी वर जातं. तर्रीचा लाल तवंग जिथे डब्याला लागतो तिथे प्लास्टिक वितळून खडबडीत होतं. असा डबा धुताना कडेला बोट फिरवून बघा, लगेच कळेल. शेवभाजीचा नुसता रस्सा काचेच्या वाडग्यात झाकून गरम करा, शेव ताटात वाढताना टाका. आत शेव टाकून तापवली तर लगदा होतो, मग खाणारा मायक्रोवेव्हला नावं ठेवतो.

झाकण कधी घट्ट लावायचं नाही, कोपरा उघडा ठेवायचा. अंडं कवचासकट नको, उकडलेलं सोललेलंही नको. आत वाफ कोंडते आणि ते तोंडाशी आणल्यावर फुटू शकतं. बाळाचं दूध बाटलीत तापवू नका, बाटली बाहेरून कोमट लागते आणि मधे चटका बसेल इतकं गरम राहतं.

नुसतं पाणी तापवताना विशेष जपा. गुळगुळीत स्वच्छ काचेच्या ग्लासात पाणी शंभरच्या वर जाऊनही शांत दिसतं, बुडबुडा नाही, काही नाही. त्यात चहाची पुडी किंवा साखर पडली की अख्खं पाणी एकदम उसळून हातावर येतं. आधीच एक लाकडी चमचा ग्लासात ठेवा, जास्त वेळ लावू नका आणि झाल्यावर अर्धा-एक मिनिट तसंच राहू द्या. यंत्र रिकामंही चालवू नका. लहरींना शोषायला काही नसलं की त्या परत मॅग्नेट्रॉनवर जातात. मुलं बटणं दाबत असतील तर वापर नसताना प्लगच काढून ठेवा.

खिचडीबद्दल मात्र जरा दटावून सांगतो. आपल्याकडे रात्री तुरीच्या डाळीची खिचडी ठरलेली, उरली की ओट्यावर झाकून, सकाळी गरम करून खायची. उन्हाळ्यात हे बंद करा. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरीयस नावाचा जंतू वाढतो आणि त्याचं एक विष गरम करूनही जात नाही, मायक्रोवेव्हने नाही आणि गॅसनेही नाही. बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर शिजलेलं अन्न तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवं, आणि मे महिन्यात आपलं घर रात्रीसुद्धा तसं गरम असतं. पसरट भांड्यात काढून गार करा आणि आत टाका. सकाळी वर चमचाभर पाणी शिंपडा, झाका, मधे ढवळा आणि सगळीकडून वाफा येईपर्यंत तापवा. कोमट झाली म्हणून खायला घेऊ नका. मधोमध ७४ अंशांपर्यंत जायला हवी.

दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी उरली तर ओल्या सुती फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस सेकंद, बस. मिनिटभर ठेवली तर पाणी उडून चामडं होतं. उडदाचा पापड दोन्ही बाजूंना तेलाचं बोट लावून चाळीस ते साठ सेकंदांत छान होतो. बिबड्या (ज्वारीचे पापड) मी तरी तळूनच खातो.

आणि भरीत. वांगं शिजतं, अगदी मऊ होतं. सुरीने चार-पाच ठिकाणी टोचून पाव किलोचं वांगं पाच-सहा मिनिटं, मधे एकदा उलटवून. टोचलं नाही तर फुटून सगळा माल छताला चिकटेल. पण ते उकडलेलं वांगं आहे. पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) जाळावर भाजलेल्या बामणोद गावच्या वांग्याला जो धुरकट वास येतो तो पाण्याच्या वाफेतून कसा येणार? घाईच्या दिवशी पोळीबरोबर ठीक, पण पाहुणे बोलावून कळण्याच्या पुऱ्या करणार असाल तर शेतातच जा.

सफाईत आळस करू नका. उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा चंदेरी-तपकिरी पातळ पत्रा दिसेल, तो अभ्रकाचा असतो. त्याच्यामागून लहरी आत येतात. कुणी तो पॅकिंगचा समजून काढून टाकतं, काढू नका. त्यावर तर्रीचा एक शिंतोडा बसला, रोज तापून काळा झाला, की तो कोळसा होतो आणि कोळशावर ठिणग्या उडतात. मग गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "भाऊ, यामा चिनग्या उडी ऱ्हायन्यात!" मी पत्रा काढून उजेडात धरतो, मधोमध आठ आण्याएवढं जळकं भोक. नवा अभ्रक कात्रीने मापात कापून बसवला की झालं, फार खर्च नाही. पण तशाच ठिणग्यांवर महिनाभर चालवलं तर आतला पत्रा जळतो, मॅग्नेट्रॉन जातो, आणि मग नवं यंत्रच परवडतं. म्हणून आठवड्यातून एकदा वाडगाभर पाण्यात लिंबू पिळून तीन-चार मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंदच ठेवा, प्लग काढा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. घासणी किंवा सुरी लावू नका.

आत काही पेटलं तर दार उघडायचं नाही. हवा मिळाली की भडकतं. बटण बंद करा, प्लग काढा, आग विझू द्या.

बाहेरचे स्क्रू उघडून स्वतः कधीच बघू नका, भाच्याने आयटीआय केलं असलं तरी. आत मॅग्नेट्रॉनला चार हजार व्होल्टच्या आसपास दाब मिळतो आणि त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतो. आम्हीही तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालत नाही. वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच बोलवा, नाहीतर मायक्रोवेव्हचं काम रोज करणाऱ्या माणसाकडे द्या. यंत्र परत आलं की दार नीट घट्ट लागतंय का आणि उघडताच बंद होतंय का, हे दुकानातच त्याच्यासमोर बघून घ्या.