उरण्याआधीच वाटीत काढा

वाचकांचे प्रश्न. या अंकाचा विषय : घरातलं जास्तीचं अन्न शेजारी वाटणं.

प्रश्न : चतुर्थीला आमच्याकडे पंधरा-वीस पानं होतात. भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूचं फतफतं हमखास उरतं. दुसऱ्या दिवशी शेजारी द्यायला संकोच वाटतो, मग टाकावं लागतं. काय करावं? (कुडाळ)

उत्तर : संकोच योग्यच आहे. पंगत उठल्यावर टोपात जे राहतं त्याला दहा जणांचे डाव लागलेले असतात, झाकण तीन तास उघडं असतं आणि वाटणाला खोबरं असतं. द्यायचा डबा पंगत बसायच्या आधी भरा. टोप चुलीवरून उतरला की पहिला डाव त्या डब्यात, मग पानं. शेजारी ते त्याच दुपारी गरम खातो.

पण चतुर्थीला वाडीत प्रत्येक घरी तोच स्वयंपाक असतो, हे विसरून चालणार नाही. त्या दिवशी भात-आमटी शेजारी पाठवणं म्हणजे त्यांच्या उरलेल्यात भर. तीन घरांनी आधीच ठरवून घेतलं, एकीने सांबारं जास्तीचं करायचं, दुसरीने खीर, तर प्रत्येकीचा एकेक पदार्थ कमी होतो. ऋषीपंचमीच्या भाजीला तर हे फारच उपयोगी. अळू, सुरण, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल माठ, भोपळा, मक्याची कणसं, सगळं थोडं थोडं लागतं आणि बाजारातून आख्खं आणलं की निम्मं कुजतं. भाज्या एकत्र आणून कच्च्याच वाटून घ्या.

तरीही भात उरलाच तर तो टोपात ठेवू नका. मोठ्या टोपाच्या मधला भात कित्येक तास कोमट राहतो. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीज शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात परातीत दोन बोटं जाडीने पसरा, वाफ गेली की झाकण लावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये घाला. आमटी-सांबारं थंड करायला टोप गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा. भर उन्हाळ्यात दोन तासही जास्त, एका तासातच उरका. फ्रिजमधलं द्यायचं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच, आणि घेणाऱ्याला सांगून, की उकळी आणून मगच वाढा.

सांबारं टिकवायचं असेल तर वाटण घालण्याआधीच द्यायचा वाटा बाजूला काढा. खोबरं पडलं की पावसाळी दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. सोलकढी कधीच तयार करून पाठवू नका. आगळ (कोकमाचा रस) वेगळं, नारळाचा रस वेगळा. उकडीचे मोदक फ्रिजमध्ये कडक होतात, त्यांना हळदीच्या पानावर पाच-सात मिनिटं पुन्हा वाफ द्या. सारण उरलं तर मात्र ते कोरडं परतून डब्यात ठेवलं की फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. शेजारी द्यायला मोदकापेक्षा तेच बरं.

प्रश्न : बांगडे स्वस्त मिळाले की जास्त आणले जातात. दुसऱ्या दिवशी शेजारी दिले तर चालतील का? (मालवण)

उत्तर : द्यायचे तर आणल्याबरोबर द्या, पिशवी घरात रिकामी व्हायच्या आधी. बांगडा, तारली, कुपा हे मासे उष्ण हवेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होणं, अंगावर गांधी, डोकेदुखी, उलट्या ही त्याची लक्षणं. ते तळून किंवा कोकम घालून जात नाही आणि दर वेळी वासावरून कळतही नाही. म्हणून बाजारात जातानाच बर्फाचा डबा न्या, माशाच्या वजनाइतका बर्फ, आणि वितळलेलं पाणी काढत राहा. घरी आल्यावर कल्ले आणि आतडी काढून लगेच वाटणी.

तिरफळाचं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं हे खरंच, पण ते रात्री उकळी देऊन, थंड करून फ्रिजमध्ये ठेवलेलं असेल तरच शेजारी जावं. तिसऱ्या (शिंपल्या) मात्र त्याच दिवशी संपवा.

प्रश्न : घरात दोनच माणसं, फणस बारा किलोचा. (राजापूर)

उत्तर : फोडण्याआधी निरोप पाठवा, फोडल्यावर नको. कापा (घट्ट गऱ्यांचा) असेल तर हाताला आणि सुरीला खोबरेल लावून गरे काढा, डब्यात भरा. बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) लांब पाठवण्यासारखा नसतोच, त्याचा रस काढून ताटांत पसरून पोळी वाळवा, ती वाटायला सोपी. आठळ्या धुऊन सावलीत सुकवून द्या. फणस कच्चा असेल तर भाजीपुरता तुकडा ठेवून बाकीचा चीक निथळल्यावर त्याच दिवशी वाटा.

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'डाळ उरली आहे' असं टाकलं तर कोणी उत्तरच देत नाही. (अलिबाग)

उत्तर : कोणी उत्तर देणारही नाही. 'उरली आहे' वाचून माणसाला कळतच नाही की काल रात्रीची, की आत्ताची. असं लिहा : 'मुगाची आमटी, चार वाट्या, आज बाराला केली, कांदा-लसूण आहे, खोबरं नाही. दोनपर्यंत न्यावी, डबा आणावा.' जो पहिला लिहील त्याची, तासाभरात कोणी नाही तर घरीच संपवा. शेंगदाणे, काजू, सुकट असेल तर न विसरता लिहा, कोणाला त्याची ॲलर्जी असू शकते. पानात वाढलेलं कधीच देऊ नका. ते उष्टं, आणि एकदा असं झालं की पुढच्या वेळी कोणी तुमचं घेत नाही.

दुसरी अडचण डब्याची. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नाही अशी रीत, त्यामुळे घेणारा ओझं मानतो आणि परत काहीतरी जास्तीचं करून पाठवतो. ग्रुपच्या नियमातच लिहून टाका : डबा रिकामाच परत यावा.

प्रश्न : पावसात वीज गेली तर फ्रिजमधलं द्यायच्या लायकीचं राहतं का? (गुहागर)

उत्तर : दार न उघडता चार तासांपर्यंत. त्यानंतर भात, मासे, नारळाच्या रसाचं काही असेल तर टाका. गच्च भरलेला फ्रीजर, दार बंद राहिलं तर, साधारण दोन दिवस टिकतो.

प्रश्न : उरलेला भात गायीला घातला तर? (चिपळूण)

उत्तर : मूठ-दोन मूठ चालतो. परातभर भात एकदम घातला की पोटात आम्ल वाढून पोट फुगतं, जनावर चारा सोडतं, दगावूही शकतं. सणाला चार घरांचा भात एकाच गोठ्यात जातो, तेव्हा गोठ्यातल्या माणसाला आधी विचारा.